पहिल्या झाडाचं पाणी

३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,
अनेक आशीर्वाद.

तुझी माणसं यंत्र बसवायला आली त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा उजाडताना उठलो, कळशी भरली आणि वहिनीच्या बागेत गेलो. रस्त्याकडच्या कोपऱ्यावर दादाने लावलेलं पहिलं संत्र्याचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्याशी कळशी रिकामी केली, देवाचं नाव घेतलं आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो. दादा गेल्यापासून हे कधी चुकवलेलं नाही. घरी येऊन व्हॉल्व्हची चावी काढली, तिला तेल लावलं, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली. गावाचा पाणीवाला म्हणून इतकी वर्षं खांद्यावर वागवलेलं लोखंड. खांदा हलका वाटला, पण चालताना तोल गेल्यासारखंही झालं.

फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून वहिनीने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे सविस्तर लिहितो आहे. तुझी दोन पोरं चांगली होती. तलावावरच्या पंपापासून सगळ्या शेतांच्या व्हॉल्व्हपर्यंत त्यांनी तारा, पेट्या, सगळं चोख बसवलं. मातीची ओल मोजणारा सेन्सर एका शेताला एकच, असं पाणीवाटप संस्थेने ठरवलं होतं. वहिनीच्या बागेत मात्र तो काही जमिनीत जाईना. चार ठिकाणी ठोकून पाहिला. त्यातला एक मला म्हणाला, "काका, ही जमीन आहे की फरशी?" मी म्हटलं, "इकडे ये, कोपऱ्यावर माती मऊ आहे." पहिल्या झाडाखाली लोण्यात सुरी जावी तसा गेला. तिथे रेंजही चांगली येते म्हणाला. दादाच्या झाडाखालीच बसला, मला बरं वाटलं.

मग संस्थेच्या आवारात सभा झाली. अध्यक्षांनी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला. आता माती स्वतः सांगणार तहान लागली की नाही, आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडणार. आमचा बांधावरचा शेजारी मागून म्हणाला, "म्हणजे पाणीवाल्याच्या घरची बाग आता आपल्यासारखीच सुकणार." लोक हसले. बारक्या, हे वाक्य मी किती वर्षं ऐकतो आहे ते तुला ठाऊक आहे. वहिनीच्या बागेला मी एक घोट जास्त दिला नाही, उलट कधी कधी तिची पाळी आधी आटोपती घेतली. तरी बोलणारे बोलतच राहिले. म्हणून मी उठलो आणि सर्वांसमोर शब्द दिला, की आजपासून मी कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावणार नाही, मग ते कोणाचंही शेत असो.

तुझ्या यंत्राने माझ्यावरचा डाग धुतला. देव तुझं भलं करो. आता रस्त्यात मला कोणी थांबवून तब्येत विचारत नाही, एवढाच काय तो फरक पडला आहे. वहिनीने विचारलं आहे, जेवतोस ना वेळेवर?

तुझा,
अण्णा


२० फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णा,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. धावपळीत होतो, वरवरच वाचलं, पण सगळं नीट बसलं हे वाचून आनंद झाला. तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. संस्थेच्या सगळ्या शेतांत पाण्याची सर्वांत जास्त बचत कोणाची माहीत आहे? वहिनीची! आमच्या साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर तो आलेख पडद्यावर लावला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. छाती फुगली. ज्या घरात वाढलो त्या घरची बाग अशी झळकली.

तुम्हाला समजेल असं सांगतो. माती ओली असेपर्यंत रेघ वर राहते. ती एका ठरावीक खुणेच्या खाली आली की व्हॉल्व्ह उघडतो. वहिनीची रेघ खुणेच्या खाली आलेलीच नाही. म्हणजे जमिनीत भरपूर ओल आहे. राग मानू नका, पण तुमच्या काळात सगळेच झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी पाजत होते.

एकच कोडं आहे. रोज सकाळी त्या रेघेला एक छोटा उंचवटा येतो. त्या वेळी तिथे काय होतं? यंत्रात बिघाड नाही ना, एवढीच खात्री हवी होती.

परदेशातून काही पाहुणे आमचं काम बघायला येणार आहेत. त्यांना आपल्याकडेच पाठवायचं साहेबांच्या मनात आहे. तसं झालं तर माझ्या बढतीचं बघतील. वहिनीला नमस्कार. जेवतो म्हणावं.

आपला,
बारक्या


१८ मार्च

प्रिय बारक्या,
आशीर्वाद.

तुझी छाती फुगली हे वाचून वहिनीने पत्र दोनदा वाचायला लावलं. पण बागेची पानं वळायला लागली आहेत. दुपारी वळतात आणि संध्याकाळी उलगडत नाहीत. तुझं यंत्र बसल्यापासून वहिनीचा व्हॉल्व्ह एकदाही उघडलेला नाही. शेजाऱ्याचा उघडतो, त्याचा खट्ट असा आवाज आमच्या ओसरीवर ऐकू येतो. वहिनी त्या आवाजाला मान वर करते आणि पुन्हा खाली घालते.

मी अध्यक्षांकडे गेलो होतो, वहिनीही बरोबर होती. त्यांनी फोन काढून दाखवला. म्हणाले, "बाई, हे बघा, फोनमध्ये तुमची बाग ओलीचिंब आहे." वहिनी म्हणाली, "मग संत्रीही फोनलाच लागतील." अध्यक्षांना ते लागलं. यंत्राच्या कामात घरचा माणूस असूनही तक्रार, असं काहीबाही बोलले. आम्ही परत आलो.

सकाळच्या उंचवट्याचं म्हणशील तर ते दंव असावं. दुसरं तिथे काही होत नाही.

मी नखाने साल खरवडून पाहिली. आत अजून हिरवं आहे, म्हणजे जीव आहे. आणि एक गोष्ट तुला सांगतो, हसू नकोस. दादाचं ते पहिलं झाड एकटं टवटवीत आहे. भर उन्हात चमकतं. मी रोज सकाळी त्याच्यापाशी उभा राहतो आणि मनात येतं, देवाने हे एक राखलं आहे म्हणजे बाकीचीही राखेल. खूण दिल्यासारखं वाटतं.

परवा वहिनीने मला विचारलं. तिने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, हे तुला माहीत आहे. हातातलं निवडणं बाजूला ठेवून म्हणाली, "भाऊजी, माळ्यावर चावी आहे ना? एकदाच उघडा." मी म्हटलं, वहिनी, शब्द दिला आहे. सगळ्यांसमोर. ज्या दिवशी मी तुमचा व्हॉल्व्ह हाताने उघडेन त्या दिवशी इतक्या वर्षांचं खोटं खरं होईल. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा निवडायला लागली. ते "बरं" माझ्या कानातून जात नाही.

तू तिच्या हाताखाली वाढलास. तुझे आईबाप गेल्यावर दादाने तुला उचलून घरी आणलं तेव्हा तुला तिच्याच पदराशी निजायचं असायचं. एकदा येऊन डोळ्यांनी बघून जा. रेघ असू दे बाजूला.

तुझा,
अण्णा


२९ मार्च

तीर्थरूप अण्णा,
सा. नमस्कार.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका.

तुमचं १८ तारखेचं पत्र आल्यावर मी आलेख पुन्हा उघडला. दंव इतक्या नेमाने पडत नाही. काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, म्हणून तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढलं. अगदी सुरुवातीलाच लिहिलं आहे तुम्ही. कळशी. मी ती ओळ देवाधर्माची समजून पुढे गेलो होतो.

अण्णा, सेन्सर तुमच्या कळशीखाली बसला आहे. तुम्ही रोज त्या एका झाडाला पाणी घालता आणि यंत्राला वाटतं सगळी बाग ओली आहे. तुमची चूक नाही. पोरांनी मऊ जागा बघून ठोकला आणि तुम्हीही मऊ जागा दाखवलीत, पण तुमची चूक नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. वहिनीच्या बचतीचा आकडा साहेबांनी छापून सगळीकडे पाठवला आहे. पाहुणे पुढच्या आठवड्यात येत आहेत. मी इथून एका बोटाने तो व्हॉल्व्ह उघडू शकतो, पण उघडला की नोंद राहते आणि लोक विचारतात, आत्ताच का उघडला? सेन्सर हलवला तर आधीचे सगळे आकडे खोटे ठरतात. मग माझी नोकरी राहत नाही, आणि पोरीची शाळा आत्ताच सुरू झाली आहे.

म्हणून हात जोडून मागतो. पाहुणे येऊन जाईपर्यंत रोजच्यासारखी कळशी घालत राहा. खंड पडू देऊ नका. तुम्ही थांबलात तर रेघ एकदम खाली येईल. ते गेले की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः येतो आणि सेन्सर काढून मधल्या ओळीत लावतो. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. झाडं चिवट असतात, तुम्हीच म्हणायचात.

वहिनीला यातलं काही सांगू नका. तिला उगाच त्रास होईल.

दादाने मला तुमच्या हवाली केलं होतं, तेवढं लक्षात असू द्या.

आपला,
बारक्या


६ एप्रिल

प्रिय बारक्या,

तू म्हणालास तसं करतो आहे.

कळशी तीच, झाड तेच, पण आता तिथे देवाचं नाव तोंडात येत नाही. ओतताना मी आजूबाजूला बघतो. माणूस चोरी करताना बघतो तसं. इतकी वर्षं त्या जागी मी मान खाली घालून उभा राहायचो, आता ओतून झालं की लगेच निघतो.

मला वाटलेली ती खूण म्हणजे माझीच कळशी होती. देवाने एक झाड राखलं असं मी समजत होतो, आणि त्या एका झाडाने बाकीच्यांचं पाणी अडवलं होतं. यावर मी फार विचार करत बसत नाही.

लांबच्या ओळींत साल खरवडली तर आत तपकिरी लागते आहे. दाराजवळच्या ओळीला वहिनी भांडी धुतलेलं पाणी बादलीने नेऊन घालते. तिने विचारलं, बारक्याला लिहिलंत का? लिहिलं म्हटलं. काय म्हणाला? बघतो म्हणाला, असं सांगितलं.

तुझे पाहुणे लवकर येऊ देत.

अण्णा


१४ एप्रिल

तीर्थरूप अण्णा,

घाईत लिहितो. पाहुण्यांचं येणं पुढे गेलं. आता मेच्या सुरुवातीला. माझ्या हातात काही नाही, विमानाची तिकिटं वगैरे. तुम्ही चालू ठेवलं आहे ते इथे रोज सकाळी दिसतं, खूप आधार वाटतो. एवढं शेवटपर्यंत न्या.

मला त्या दिवशी ऑफिसात थांबून पडद्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आहे, म्हणून येता येणार नाही. साहेब स्वतः येतील. झाडांबद्दल कोणी विचारलं तर पानगळीचा हंगाम आहे म्हणा.

आपला,
बारक्या


५ मे

बारक्या,

काल सकाळी तुझ्या पडद्यावर वहिनीची रेघ धाडकन खाली आली असेल. का आली ते सांगतो.

परवा दुपारी मी वहिनीला सगळं सांगितलं. कळशी, सेन्सर, तुझं पत्र, आणि एवढे दिवस मी काय करत होतो तेही. ती वाळलेले कपडे घड्या घालत होती. सांगून झालं तरी हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "लहानपणी शाळा चुकवायला तो थर्मामीटर चहाच्या कपात बुडवायचा. मला कळायचं. मी त्याला घरी ठेवायची आणि मऊ भात करून घालायची." आणखी एक घडी घालून म्हणाली, "तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं." एवढंच. तुझ्यावर रागावली नाही. माझ्यावरही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटची घडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमचे भाऊ असते ना भाऊजी, तर त्यांनी आधी झाडांकडे बघितलं असतं. शब्दाचं नंतर."

काल उजाडताना मी बागेत गेलो तो कळशीशिवाय. प्रत्येक ओळीतून फिरलो आणि प्रत्येक झाडाला नख लावून पाहिलं. दाराजवळची ओळ निदान असेल असं वाटत होतं, पण भांड्यांच्या पाण्यावर झाड किती तगणार? आत कुठेही हिरवं लागलं नाही. मग घरी आलो, माळ्यावरून चावी काढली आणि खांद्यावर घेऊन परत बागेत जाऊन उभा राहिलो. ती का घेतली हे त्या वेळी मला नीट माहीत नव्हतं.

पाहुणे आले. तुझे साहेब त्यांना घेऊन थेट पहिल्या झाडापाशी थांबले, हिरवं तेवढंच होतं ना. अध्यक्ष होते, बांधावरचा शेजारीही होता. साहेब फोन दाखवून सांगत होते की या बागेने सगळ्यांत कमी पाण्यात हंगाम काढला. पाहुण्यांतल्या एका बाईने मागच्या ओळींकडे बोट केलं. साहेब म्हणाले, पानगळीचा हंगाम आहे. तू त्यांनाही तेच वाक्य दिलेलं दिसतंय.

ते ऐकल्यावर मी पुढे झालो. पहिल्या झाडाखालचा सेन्सर दोन्ही हातांनी उपटला. अध्यक्ष "अहो, अहो" करत राहिले. तो घेऊन मी मधल्या ओळीत गेलो. जमीन त्याला घेईना. मग चावीच्या टोकाने उकरलं, तिथल्या मातीत ओलीचा वासही उरला नव्हता, आणि त्या खड्ड्यात तो उभा करून माती लोटली. झाडं गेलीच होती. पण एवढे दिवस तुझा पडदा आमच्याविषयी खोटं सांगत होता, त्याने एकदा तरी खरं सांगावं असं वाटलं.

साहेबांच्या हातातला फोन वाजला. लगेच बांधाकडे खट्ट असा आवाज झाला. वहिनी दारात उभी होती, तिने मान वर केली. ठिबकच्या नळ्यांतून आधी नुसता वारा फुसफुसला, मग थेंब आले, मग सगळ्या ओळींत पाणी लागलं. इतकं सुरेख लागलं बारक्या, शेवटच्या झाडापर्यंत एकसारखं. माझ्या हाताने मी कधी इतकं सारखं पाणी दिलं नव्हतं. यंत्र चांगलं आहे तुझं. त्याच्यात काही खोट नव्हती.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं आम्ही प्रात्यक्षिक दाखवतो आहोत. साहेबही लगेच सावरले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बघा, आमचे जुने पाणीवालेसुद्धा किती तयार झाले आहेत. सगळे हसले. एकटा शेजारी हसला नाही. तो खाली वाकून आमच्या बांधालगतच्या ओळीतल्या एका झाडाची साल खरवडत होता. मग माझ्याकडे न बघता बांध ओलांडून निघून गेला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर सगळं. तोंड उघडलंही, पण तुझी पोर डोळ्यांसमोर आली आणि बोलणं तिथेच राहिलं. त्यांच्या गाड्या गेल्या. तुझी नोकरी शाबूत आहे, बढतीही होईल.

पाणी चालूच होतं. वहिनी दारातून उतरून ओळीत आली, एका वाळलेल्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली. तिची पावलं भिजली. मला म्हणाली, "भाऊजी, आता कोणाला पाजताय?"

तलावात पाणी कमी आहे आणि खालची शेतं अजून जिवंत आहेत. जे पिणार नाही त्याला पाणी द्यायचं नसतं, हे मला दादानेच शिकवलं होतं, याच बागेत. पण तुझं यंत्र थांबायला तयार नव्हतं. त्याला आता कोरडी जमीन दिसत होती आणि तिथली तहान भागेपर्यंत ते देणार होतं.

मी चावी घेऊन व्हॉल्व्हकडे गेलो. सगळ्यांसमोर शब्द दिल्यापासून पहिल्यांदाच. जिने एकदा उघडा म्हटलं होतं ती मागे उभी राहून बघत होती. चावी बसवली आणि जोर लावला. तुझ्या पडद्यावर तो व्हॉल्व्ह अजून उघडा दिसत असेल. तो उघडा नाही. मी हाताने बंद केला आहे.

अण्णा